टेक कंपन्यांचे तुकडे करावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर कुठेही बोललं की शेवटी चिठ्ठ्या येतात, आणि निम्म्या चिठ्ठ्यांत तेच ते प्रश्न असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील; जिथे मुद्दा दुसरीकडे आला आहे तिथे क्रमांक दिला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: जिथे सांधा आहे तिथे कापावं, जिथे सांधा नाही तिथे कापत बसण्यापेक्षा दार उघडायला लावावं.

१. कंपनी ‘तोडणं’ म्हणजे नक्की काय? सरकार ती ताब्यात घेतं का?

नाही, ते राष्ट्रीयीकरण. इथे मालक तेच राहतात, चुली वेगळ्या होतात. धंद्याचा एक भाग स्वतंत्र कंपनी होतो, त्याचं संचालक मंडळ, हिशेब, नफा-तोटा वेगळा. किंवा तो भाग तिसऱ्याला विकायला लावतात.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण वीज मंडळाचं. जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची वाटणी झाली. वीज महानिर्मिती बनवते, मनोरे आणि वाहिन्या महापारेषणच्या, आणि घरी बिल येतं ते महावितरणचं. तिन्ही सरकारीच आहेत आणि एकाच होल्डिंग कंपनीच्या छताखाली आहेत, त्यामुळे ही वाटणी म्हणजे एकाच वाड्यात घातलेल्या भिंती. पण काप कुठे घेतला ते बघा: बनवणं, वाहणं, विकणं. हे तीन मुळातच वेगळे धंदे होते. मंडळाचे ‘विदर्भ मंडळ’, ‘कोकण मंडळ’ असे तुकडे केले असते तर तो दुसऱ्या जातीचा काप झाला असता. टेक कंपन्यांबद्दल वाद घालताना लोक या दोन कापांत गल्लत करतात आणि मग तासभर भांडतात.

२. एखादी कंपनी मेहनतीने मोठी झाली, तर तिला शिक्षा का?

मोठं असणं भारतातही गुन्हा नाही आणि अमेरिकेतही नाही. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ४ वर्चस्वाला हात लावत नाही, वर्चस्वाच्या गैरवापराला लावतं. अमेरिकेचा १८९० चा शर्मन कायदाही मक्तेदारी ‘मिळवण्याच्या’ आणि ‘टिकवण्याच्या’ आडमार्गांवर बोट ठेवतो. गावात एकच किराणा दुकान चांगलं चालतं, हरकत नाही. त्याच दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याला “दुसऱ्या दुकानाला माल दिलास तर माझी ऑर्डर बंद” असं बजावलं, की प्रकरण बदललं.

३. गूगल, यूट्यूब, व्हॉट्सॲप मला फुकट मिळतं. मग माझं नुकसान काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो चुकीचा नाही. ग्राहकाला किंमतच द्यावी लागत नसेल तर नुकसान मोजायचं कशात, यावर कायद्याचे पंडितही अनेक वर्षं अडखळले.

पैसे कोण देतं ते बघा. कोल्हापुरातला चप्पल विकणारा आपलं दुकान शोधात वर दिसावं म्हणून जाहिरातीचे पैसे भरतो आणि ते चपलेच्या किमतीत धरतो. तुम्ही शोध फुकट घेतलात, चप्पल महाग घेतलीत. अमेरिकेच्या न्यायालयाने गूगलविरुद्धच्या खटल्यात (प्रश्न ६) २०२४ मध्ये नेमकं हेच नोंदवलं की शोधातल्या मजकुरी जाहिरातींचे दर गूगल स्पर्धकांची फिकीर न करता वाढवू शकत होती.

दुसरं नुकसान दिसत नाही: जे आलंच नाही ते. चांगला पर्याय उभा राहण्याआधीच वाळला तर तुम्हाला त्याची चुटपुट कशी लागणार? याच खटल्यात पुढे आलं की आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये गूगलच आधीपासून बसवलेलं असावं यासाठी एकट्या २०२२ मध्ये ॲपलला सुमारे २,००० कोटी डॉलर गेले. लोक आपणहूनच येत असतील तर दारात उभं राहायला एवढं भाडं कोण देतो? गूगलच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तिचं शोधयंत्र दर्जाने सगळ्यात चांगलं आहे हे त्या खटल्याच्या न्यायाधीशांनीच मान्य केलं होतं.

४. याआधी खरंच असं कधी झालंय? आणि उपयोग झाला का?

दोन मोठी उदाहरणं आहेत. पहिलं १९११ चं: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलच्या ३४ कंपन्या झाल्या. त्यातल्या दोन पुढे एक्सॉन आणि मोबिल झाल्या, आणि १९९९ मध्ये पुन्हा एकमेकींत विलीन झाल्या. विरोधक हे उदाहरण हसत हसत देतात. पण मधल्या ८८ वर्षांत त्या एकमेकींच्या स्पर्धक होत्या, हे ते सांगत नाहीत.

दुसरं उदाहरण आपल्या विषयाला जास्त लागू आहे. एटी अँड टी ही फोन कंपनी. अमेरिकेतला गावातला फोन तिचा, लांब पल्ल्याचा कॉल तिचा, घरातलं यंत्र तिच्याच कारखान्यातलं आणि संशोधन तिच्याच बेल लॅब्जमधलं. एमसीआय नावाच्या कंपनीला लांब पल्ल्याचे कॉल स्वस्तात द्यायचे होते. पण प्रत्येक कॉल शेवटी कुणाच्या तरी घरातल्या तारेपर्यंत पोहोचायला हवा, आणि ती तार प्रतिस्पर्ध्याची. सरकारने १९७४ मध्ये खटला भरला, ८ जानेवारी १९८२ ला तडजोड जाहीर झाली आणि १ जानेवारी १९८४ ला वाटणी अमलात आली. स्थानिक फोन सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेले, लांब पल्ला एटी अँड टीकडे राहिला. म्हणजे तार आणि तारेवरचा धंदा वेगळे केले.

त्यानंतर लांब पल्ल्याचे दर उतरले, स्थानिक फोनचं बिल मात्र काही काळ वाढलं, कारण आधी लांब पल्ल्याच्या कमाईतून त्याला टेकू मिळत होता. आणि हो, त्या सातांपैकीच एका कंपनीने २००५ मध्ये एटी अँड टी विकत घेतली आणि तिचंच नाव लावलं. विभक्त झालेल्या भावाने थोरल्याचं घर घेऊन दारावर जुनीच पाटी ठेवावी, तसं.

याच कंपनीची १९५६ ची तडजोड मला जास्त शिकवणारी वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. तेव्हा कंपनी तोडली नाही. तिची जुनी पेटंट इतरांना मोबदला न घेता वापरू द्यायला लावली. त्यात ट्रान्झिस्टरची पेटंटही होती.

५. मायक्रोसॉफ्टचेही तुकडे होणार होते ना? मग काय झालं?

जून २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी तसा आदेश दिला होता: विंडोज एका कंपनीत, बाकी सॉफ्टवेअर दुसरीत. जून २००१ मध्ये अपिलात तो रद्द झाला. मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा ठपका कायम राहिला, पण खटला चालू असताना न्यायाधीश पत्रकारांशी बोलत होते, हे वरच्या न्यायालयाला अजिबात रुचलं नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये नव्या सरकारने तडजोड केली.

आयबीएमचा खटला तर १३ वर्षं चालला आणि सरकारने तो मागे घेतला, तोही एटी अँड टीची तडजोड झाली त्याच दिवशी. तरी तो फुकट गेला असं मी म्हणणार नाही. खटल्याच्या सावटाखाली आयबीएमने १९६९ मध्ये सॉफ्टवेअर यंत्रापासून सुटं विकायचं ठरवलं. सॉफ्टवेअर हा स्वतंत्र माल आहे, या कल्पनेवर आज अख्खं हिंजवडी उभं आहे.

६. गूगल दोषी ठरली, तरी क्रोम विकायला का लावलं नाही?

क्रम असा. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकी सरकारने खटला भरला. ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहता (जन्म गुजरातेतल्या पाटणचा) यांनी निकाल दिला की गूगल मक्तेदार आहे आणि मक्तेदारी टिकवण्यासाठी तसंच वागली आहे. सरकारने उपाय मागितला: क्रोम विका. उत्साह इतका की पर्प्लेक्सिटी या त्या मानाने चिमुकल्या कंपनीने क्रोमसाठी ३,४५० कोटी डॉलरची बोली जाहीर केली.

२ सप्टेंबर २०२५ ला मेहतांनी विक्री नाकारली. क्रोम हे गुन्ह्याचं हत्यार नव्हतं. गुन्हा करारांचा होता. म्हणून एकाधिकाराचे करार बंद केले आणि शोधाची काही माहिती पात्र स्पर्धकांना द्यायला सांगितली. पैसे देऊन जागा मिळवणं मात्र पूर्ण बंद केलं नाही. ते केलं असतं तर ॲपलला आणि फायरफॉक्सवाल्या मोझिलालाच फटका बसला असता. एआय चॅटबॉट आल्याने मैदान बदलतं आहे, हेही त्यांनी धरलं.

मला यातला तर्क पटतो, पण उपाय मिळमिळीत वाटतो. चोरी सिद्ध झाल्यावर “यापुढे चोरी करू नकोस” एवढंच सांगितलं, तर आधीचा ऐवज कुणाकडे राहिला? वर्षानुवर्षं त्या करारांमुळे जमलेला शोधाचा डेटा हाच तो ऐवज. तो थोडा तरी वाटायला लावला, एवढंच समाधान.

७. मग तुमच्या मते कुठलाच तुकडा पाडू नये?

पाडावा, आणि पहिला जाहिरातीच्या बाजारात.

एखाद्या बातमीच्या साइटवर तुम्ही पान उघडता, तेवढ्या क्षणात त्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. साइटच्या बाजूने जागा विकायला लावणारं सॉफ्टवेअर गूगलचं. जाहिरातदाराच्या बाजूने बोली लावणारं सॉफ्टवेअर गूगलचं. मधला लिलावाचा बाजारही गूगलचा. मार्केट यार्डात शेतकऱ्याचा अडत्या तोच, व्यापाऱ्याचा खरेदीदार तोच आणि बाजार समितीही त्याच्याच मालकीची, असं समजा. वर कांद्याचा भाव किती फुटला ते दोघांनाही नीट दिसत नाही. या बाजारात गूगल साधारण २० टक्के कापून घेत होती.

१७ एप्रिल २०२५ ला व्हर्जिनियातल्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी यातल्या दोन थरांत गूगलने बेकायदा मक्तेदारी केल्याचा निकाल दिला. सरकारने मागणी केली ती लिलावाचा बाजार विकण्याची. युरोपीय आयोगाने याच धंद्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये २९५ कोटी युरोचा दंड केला.

इथे सांधा स्पष्ट आहे. यातलं विक्रीच्या बाजूचं सॉफ्टवेअर गूगलने मुळात डबलक्लिक ही कंपनी २००८ मध्ये ३१० कोटी डॉलरला घेऊन मिळवलं होतं. जे जोडलं ते सुटू शकतं. आणि दलालाने बाजाराचा मालक असू नये, हे समजायला संगणकशास्त्र लागत नाही.

८. फेसबुकने तर स्पर्धक विकतच घेतले. तरी मेटा कशी सुटली?

इन्स्टाग्राम २०१२ मध्ये १०० कोटी डॉलरला, व्हॉट्सॲप २०१४ मध्ये १,९०० कोटींना. स्पर्धा करण्यापेक्षा विकत घेणं बरं, अशा अर्थाचा झुकरबर्ग यांचा ईमेलही खटल्यात होता. पण १८ नोव्हेंबर २०२५ ला न्यायाधीश बोसबर्ग यांनी सरकारचा दावा फेटाळला. त्यांच्या मते मक्तेदारी आज आहे हे सिद्ध करायला हवं, आणि आज टिकटॉक आणि यूट्यूब त्याच मैदानात आहेत. मित्रांनी टाकलेलं बघण्यात अमेरिकी माणसाचा फेसबुकवरचा जेमतेम १७ टक्के आणि इन्स्टाग्रामवरचा ७ टक्के वेळ जातो. बाकी अनोळखी लोकांचे व्हिडिओ.

भारतात टिकटॉकवर जून २०२० पासून बंदी आहे. म्हणजे हा युक्तिवाद आपल्याकडे तसाच चालणार नाही, हे आपल्या वकिलांनी लक्षात ठेवावं.

खरी चूक २०१२ ची. तेव्हाच्या नियामकांनी इन्स्टाग्रामचा सौदा तपासून सोडून दिला होता. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटी रुपयांवरच्या सौद्यांना, विकत घेतल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात पुरेसा व्यवहार असेल तर, स्पर्धा आयोगाची आधी मंजुरी लागते, मग त्या कंपनीची उलाढाल नगण्य का असेना. मूल होण्याआधी नाव ठेवण्यासारखं वाटेल, पण नंतर सोडवण्यापेक्षा सोपं.

९. व्हॉट्सॲपचे दोन तुकडे केले तर आमचा सोसायटीचा ग्रुप कुठे जाईल?

हाच तो अडचणीचा प्रश्न. शेताची वाटणी झाली, चार भावांचे सातबारे वेगळे झाले, पण विहीर एकाच्याच वाट्यात आली तर बाकीचे तिघे दोन उन्हाळ्यांत शेती विकतात. म्हणून शहाणे लोक वाटणीत लिहून ठेवतात की विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली. मेसेजिंगमध्ये ‘सगळे तिथेच आहेत’ हीच विहीर आहे. तुम्ही आडवे दोन तुकडे केलेत तर सगळे हळूहळू पुन्हा एकीकडे गोळा होतील.

इथे पाळी लावून द्यायची असते, म्हणजे एका ॲपवरून दुसऱ्यावर निरोप जायला हवा. हे हवेतलं नाही. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलता येते. मुंबईच्या उपनगरांत २००९ पासून तारा एका कंपनीच्या आणि वीज टाटांची, असे ग्राहक आहेत. ईमेल तर पहिल्यापासून असंच चालतं. युरोपच्या कायद्याने व्हॉट्सॲपवर हे बंधन घातलंच आहे (प्रश्न १२).

१०. भारतात कंपनी तोडायचा अधिकार कुणाला आहे का?

आहे, आणि बहुतेकांना माहीत नसतो. स्पर्धा कायद्याचं कलम २८ वाचा: वर्चस्व असलेल्या उद्योगाने त्याचा गैरवापर करू नये म्हणून त्याच्या विभागणीचा आदेश भारतीय स्पर्धा आयोग देऊ शकतो. कोणत्याही टेक कंपनीवर ते वापरलेलं नाही. देवघरातल्या शंखासारखं ते आहे. पुसून ठेवतात, फुंकत नाहीत.

आयोगाचा भर दंडावर आणि निर्देशांवर राहिला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड झाला, आणि आठवडाभराच्या आत प्ले स्टोअरच्या बिलिंगसाठी ९३६.४४ कोटींचा. अपिलात पहिला दंड टिकला पण दहापैकी चार निर्देश गळाले; दुसरा २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. तरी निर्देशांचा परिणाम झाला: फोन कंपन्यांना गूगलची ॲप सुटी घेण्याची आणि आपल्याला शोधयंत्र निवडण्याची मुभा २०२३ च्या सुरुवातीला जाहीर झाली.

तोडण्याच्या सगळ्यात जवळचं जे आपण केलं ते स्पर्धा कायद्याखाली नव्हतंच. परकीय गुंतवणुकीच्या नियमांनुसार फेब्रुवारी २०१९ पासून ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीला, तिचा हिस्सा ज्या विक्रेत्यात आहे त्याचा माल तिथे विकता येत नाही. ॲमेझॉनचा हिस्सा असलेली क्लाउडटेल अखेर मे २०२२ मध्ये थांबली. बाजार चालव किंवा दुकान मांड, दोन्ही नको. फक्त हा नियम परकीय पैशाला लागू आहे. देशी कंपनीने तेच केलं तर? तिथे त्याचा काही इलाज नाही, आणि ही फट लहान नाही.

११. यूपीआयवर फोनपे आणि गूगल पे यांचंच राज्य आहे. ते तोडावं का?

दोघांचा मिळून वाटा व्यवहारांच्या संख्येत चार-पंचमांशांच्या आसपास आहे. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केलं होतं की एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांवर नको. मुदत वाढत वाढत आता डिसेंबर २०२६ आहे.

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. विहीर सामाईकच आहे. भाजीवालीच्या गाडीवरचा कोड फोनपेचा असो की पेटीएमचा, पैसे कुठल्याही ॲपवरून जातात. उद्या फोनपेने त्रास दिला तर पाच मिनिटांत दुसरं ॲप टाकता येतं. ३० टक्क्यांची मर्यादा खरंच लावली तर चालू ग्राहकाला “तुमची संख्या भरली” म्हणून परत पाठवणार का? म्हणूनच ती पुढे ढकलली जाते. काळजी करायचीच तर ती छोट्या ॲपना कमाईचा मार्ग का नाही याची करावी.

१२. युरोप वेगळं काय करतं?

गुन्हा होण्याची वाट बघत नाही. मार्च २०२४ पासून लागू असलेल्या कायद्यात ठरावीक मोठ्या कंपन्यांना आधीच काय करायचं, काय नाही याची यादी दिली आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याखाली ॲपलला ५० कोटी आणि मेटाला २० कोटी युरोचा दंड झाला. वारंवार मोडल्यास तोडण्याचीही तरतूद आहे. आपल्याकडे २०२४ मध्ये याच धर्तीचा डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला होता. त्यावर इतकी टीका झाली की तो लगेच पुढे सरकला नाही.

१३. आपण आपल्या कंपन्या तोडत बसलो तर चीन पुढे जाणार नाही का?

चीनने स्वतःच्याच अलीबाबा या ऑनलाइन बाजाराच्या कंपनीला एप्रिल २०२१ मध्ये सुमारे १,८२० कोटी युआनचा दंड केला, हे हा प्रश्न विचारणाऱ्यांना सांगावं लागतं.

१४. माझ्या म्युच्युअल फंडात अमेरिकी टेक शेअर आहेत. कंपनी तोडली तर पैसे बुडतील?

तोडणं म्हणजे जप्ती नव्हे. सहसा भागधारकाला प्रत्येक तुकड्याचे शेअर मिळतात, जसे २०२३ मध्ये रिलायन्सच्या भागधारकांना जिओ फायनान्शियलचे मिळाले. स्टँडर्ड ऑइल तुटल्यावर रॉकफेलर आधीपेक्षा श्रीमंत झाले. तुमच्या फंडाचं काय होईल ते मात्र मला विचारू नका.

१५. एआयमुळे हा सगळा वादच जुना झाला नाही का?

मेहतांच्या निकालात हा विचार होता (प्रश्न ६). पण एआयला लागणारा डेटा, चिप आणि सर्व्हर कुणाच्या गोठ्यात आहेत बघा. नव्या कंपन्यांत जुन्यांचेच पैसे आहेत: ओपनएआयमध्ये मायक्रोसॉफ्टचे, अँथ्रॉपिकमध्ये ॲमेझॉन आणि गूगलचे. २०१२ ची चूक पुन्हा करायची नसेल तर हे सौदे तपासण्याची वेळ आत्ता आहे, दहा वर्षांनी नाही.

१६. मक्तेदार सरकारीच असेल तर हा कायदा लागतो का?

लागतो. कोल इंडियाने “आम्ही राष्ट्रीयीकृत, आम्हाला स्पर्धा कायदा नको” असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये ते अमान्य केलं. सूट आहे ती सरकारच्या सार्वभौम कामांना: संरक्षण, अणुऊर्जा, अवकाश, चलन अशा. एनपीसीआयचं स्थान अवघड आहे. ती बँकांच्या मालकीची आहे, रस्ताही तिचा आणि त्यावर धावणारं भीम ॲपही तिच्याच घरातलं. भीमचा वाटा इतका लहान आहे की आज कुणी तक्रार करत नाही. तो वाढला तर प्रश्न ७ मधलं उत्तर मी तिलाही लावीन.